चांदी साफ केली तरी पुन्हा काळी पडते? खाडीकाठच्या घरांसाठी कारणं आणि उपाय

तक्रार ठरलेली असते. गणपतीच्या आधी पैंजण, करंडा, निरांजन घासून लख्ख केलं, दिवाळीला बाहेर काढलं तर सगळ्यावर पिवळट झाक, संक्रांतीपर्यंत काळं. पुण्यातल्या बहिणीची त्याच दुकानातली चांदी मात्र वर्षभर तशीच. मग एक तर सोनारानं फसवलं असं वाटतं, नाहीतर ‘आमच्या अंगाला चांदी मानवत नाही’ असं ठरतं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, कोपरी, कळवा, बाळकुम या पट्ट्यात बहुतेक वेळा या दोन्ही शंका चुकीच्या निघतात. कारण हवेत असतं, ठेवण्याच्या जागेत असतं आणि बऱ्याचदा साफ करण्याच्या पद्धतीतच असतं. या तिघांपैकी नेमकं कोणतं, हे कळल्याशिवाय घासत राहिलं तर दर खेपेला थोडी चांदी जाते आणि काळेपणा परत येतो तो येतोच.

आधी काळेपणा नीट बघा

दागिना खिडकीशी न्या, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवा. ट्यूबलाइटखाली हे रंग दिसत नाहीत.

सगळीकडे सारखा थर असेल, आधी पिवळट, मग तपकिरी, कडेला जांभळी-निळी झाक आणि शेवटी काळा, तर तो हवेतून आलेला आहे. रोज अंगावर असलेल्या पैंजणाचा वरचा भाग घासला जाऊन चकचकीत राहतो आणि काळं फक्त नक्षीच्या खोलगट भागात दिसतं. हाच दागिना कपाटात पडून असेल तर सगळाच काळा होतो. म्हणून ‘घातला की काळा होतो’ असं वाटत असेल तर एकदा खात्री करा, बहुतेकदा तो न घालता काळा झालेला असतो.

सरळ रेघ, घडीची खूण किंवा ठिपके असतील, तर दागिन्याला काहीतरी टेकून राहिलं होतं. साखळ्या गुंतू नयेत म्हणून लावलेलं रबर हा यातला पहिला संशयित. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात, आणि ते चांदीला टेकलं की तेवढीच रेघ गडद काळी उमटते.

हिरवट पावडर दिसली, विशेषतः कडीपाशी किंवा घुंगराच्या जोडाला, तर ते तांबं आहे. ९२.५ च्या चांदीत हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं असतं. पैंजणात टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, याहून कमी असणं नेहमीचंच, आणि जोडाच्या जागी वापरलेला धातू आणखी हलका. घाम आणि मीठ तिथे साचलं की हिरवं येतं. तळव्याएवढ्या भागात हिरवं येत असेल तर मात्र टंच काढून घ्या. मशीनवर टंच काढताना धातू खरवडावा लागत नाही.

नक्षीत पांढरं साचलं असेल तर ती मागच्या वेळची पॉलिश पावडर किंवा टूथपेस्ट आहे. देवघरातल्या चांदीवरचं काळं बोटाला लागत असेल आणि साबणानं निघत असेल, तर ती फक्त काजळी.

आणि घासल्यावर आतून लालसर किंवा पिवळा रंग दिसला तर तिथेच थांबा. तो मुलामा होता आणि तो निघाला आहे. अजून घासून उजळणार नाही.

हवेत काय आहे

चांदीला हवेतल्या प्राणवायूचा त्रास होत नाही. तिला काळं करतो तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू. खाडीच्या चिखलात पाला, मासे, सांडपाणी असं सगळं ऑक्सिजनशिवाय कुजतं, तिथे तो तयार होतो. ज्या सुपीक चिखलावर ठाणे खाडीतले रोहित पक्षी पोसले जातात, त्याच चिखलातून ओहोटीच्या वेळी हा वायू बाहेर येतो. त्यात उघडे नाले, तुंबलेली गटारं आणि औद्योगिक पट्ट्यातली हवा यांची भर पडते. वास येण्याइतकं प्रमाणही लागत नाही, नाकाला कळणार नाही इतका वायू चांदीला काही आठवड्यांत पुरतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडात अंगठी घालून उतरलं की ती बघता बघता काळवंडते, तीच ही क्रिया, फक्त घरात ती सावकाश चालते.

आर्द्रता हा दुसरा भाग. कोरड्या हवेत हा थर हळू बसतो. ७० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि वेग वाढतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा सरासरी ८० टक्क्यांच्या पुढेच असते. म्हणून पुण्याच्या बहिणीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

एक खूण उपयोगी पडते. एसी दुरुस्त करणाऱ्यानं ‘कॉइल काळी पडून गळतेय’ असं सांगितलं असेल, तर तो वायू घरात पुरेसा येतोय असं धरून चाला. तांब्यालाही तो असाच खातो.

तीन नाण्यांची चाचणी

दोष हवेचा, डब्याचा की दागिन्याचा, हे अंदाजानं ठरवू नका. घरात लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी असतातच. तीन घ्या. पॉलिशच्या कापडानं उजळवा, भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांनी धुवा, पिण्याच्या पाण्यानं खळाळून घ्या आणि पूर्ण कोरडी करा. यानंतर कडेनं धरा, बोटाचे ठसे उमटू देऊ नका.

पहिलं नाणं कपाटात, दागिने असतात त्याच खणात, उघड्या बशीत ठेवा. दुसरं सध्याच्या डब्यात, सध्याच्याच कापडात गुंडाळून. तिसरं नव्या झिप पिशवीत, हवा दाबून काढून, पहिल्याच्या शेजारी. पंधरा दिवसांनी आणि महिन्यानं तिन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघा.

फक्त उघडं नाणं पिवळं पडलं, तर दोष हवेचा आहे आणि पिशवी तुमच्या घरासाठी पुरेशी आहे. काम तिथेच संपलं.

डब्यातलं नाणं उघड्या नाण्यापेक्षा जास्त काळं झालं, तर गुन्हेगार डबा, त्यातलं कापड किंवा झाकणाचं रबर. हे वाटतं त्यापेक्षा खूपदा होतं. मखमली डब्याचं अस्तर आणि त्याखालचा गोंद, लोकरी कापड, पुठ्ठा, वर्तमानपत्र या सगळ्यांतून गंधकाचे अंश सुटतात, आणि बंद डब्यात ते चांदीवरच बसतात. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला काळं रबर असेल तर तेही बदला. पांढरं सिलिकॉन चालतं.

पिशवीतलंही नाणं काळं पडलं तर दोन शक्यता. धुताना काहीतरी राहून गेलं, किंवा पिशवी पीव्हीसीची होती. पीव्हीसीला नव्या पावसाळी चपलेसारखा वास येतो, साध्या पॉलिथिनला येत नाही.

तिन्ही नाणी स्वच्छ आणि पैंजण मात्र काळंच होत असेल, तर मग दागिन्याकडे वळा: टंच, जोड, किंवा तुम्ही लावत असलेलं काही. खरजेवरचं किंवा मुरमांवरचं गंधकाचं मलम, औषधी साबण, केसांचा रंग यांनी जोडवी-अंगठ्या आठवड्यात काळवंडतात. जोडव्यांना फरशी पुसायचं ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिडही लागतं, कारण ती पाण्यात सगळ्यात आधी जातात.

साफ करणं: थर काढा, चांदी ठेवा

झाक पिवळट असतानाच पकडली तर चांदी पुसायच्या कापडानं दोन मिनिटांत काम होतं. लांबीच्या दिशेनं पुसा, गोल गोल घासू नका. ते कापड धुवायचं नसतं, धुतलं की त्यातलं औषध जातं. पिशवीत ठेवा आणि आरपार काळं झालं की बदला.

काळा थर पक्का असेल तर ॲल्युमिनियम फॉइलची रीत वापरा. यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं आणि काळ्या थरातली चांदी जागेवरच राहते. घासण्यात तो थर चांदीसकट निघून जातो, हा फरक मोठा आहे.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तळाला फॉइल अंथरा. दागिने आधी साबणानं धुवून तेलकटपणा घालवा, मग फॉइलला टेकतील असे पसरून ठेवा. टेकले नाहीत तर काहीही होत नाही. एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घाला. फसफसून वर येतं, म्हणून थोडा थोडा. हे पाणी दागिन्यांवर ओता. बेकिंग पावडर चालत नाही, खायचा सोडाच हवा. बरेच जण मीठही घालतात. त्याची गरज नाही, आणि ते घुंगरात अडकून राहिलं तर नवीन दुखणं.

दोन ते पाच मिनिटं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर क्रिया चालू आहे, खिडकी उघडा. फॉइल काळसर होईल. एकदा उलटून परत दोन मिनिटं. त्यानंतरही काळं राहिलं तर ताजं पाणी आणि ताजी फॉइल घ्या, त्याच पाण्यात तासभर ठेवून फायदा नाही.

आता खरी चूक होते ती पुढे. बाहेर काढलेली चांदी पांढरट, मंद दिसते. तो थर बारीक छिद्रांचा असतो, आणि तसाच ठेवला तर गुळगुळीत चांदीपेक्षा लवकर काळा पडतो. ‘फॉइलनं केलं तर पंधरा दिवसांत परत काळं’ ही तक्रार बहुतेक इथली. म्हणून तीनदा स्वच्छ पाण्यात खळाळा, शेवटचं पाणी फिल्टरचं. सुती कापडानं टिपा आणि मऊ कापडानं चांगलं चोळून चमक येऊ द्या. घुंगरं आणि पोकळ कड्यांत पाणी अडकतं. झटका, हलवून आवाज ऐका, पंख्याखाली कापडावर तीन-चार तास ठेवा. पावसाळ्यात हे काम उन्हाच्या दिवसाची वाट बघून करा, ओलसर दिवशी बंद केलेली चांदी ओल घेऊनच आत जाते.

मुद्दाम काळ्या केलेल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना हे लावू नका, नक्षीतली काळी रेघ धुवून जाईल. खडे चिकटवलेले, मीनाकारी आणि मोत्याचे दागिनेही वगळा. रोडियम या पांढऱ्या धातूचा थर असलेल्या चांदीला ना फॉइल, ना पॉलिशचं कापड. नुसतं साबणाचं पाणी.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या आणखी काही वस्तूंबद्दल स्पष्ट सांगायला हवं. टूथपेस्टमधले कण चांदीपेक्षा कडक असतात, बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत नवा थर लवकर धरतो. रांगोळी ही दगडाचीच पूड. देवांच्या नाका-डोळ्यांची घडण झिजून गुळगुळीत होते ती रांगोळीनंच, आणि झिजलेली घडण परत येत नाही. चिंच-लिंबू तांब्या-पितळेसाठी उत्तम, पण चांदीचा काळा थर आंबटानं फारसा निघत नाही, उलट मिश्रणातलं तांबं पृष्ठभागावरून जातं. रिठ्याचं पाणी मात्र निर्धास्त वापरा: चार-पाच रिठे कपभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायचे. ते मळ काढतं, काळा थर काढत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बुडवून लगेच उजळणाऱ्या द्रावणात थायोयुरिया आणि ॲसिड असतं. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं किंवा नीट धुतलं नाही तर थायोयुरियातलं गंधक मागे राहतं, आणि महिन्यात चांदी पूर्वीपेक्षा वाईट दिसते.

दुकानात पॉलिशला देत असाल तर आधी आणि नंतर तुमच्यासमोर वजन करून घ्या. यंत्राच्या बफवर धातू जातोच, जुन्या पातळ नक्षीच्या दागिन्याला ते वर्षाआड नको.

ठेवायचं कसं

ओल आणि वायू हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि बहुतेक घरांत फक्त ओलीचा बंदोबस्त होतो. सिलिका जेल पाणी शोषते, पण गंधकाचा वायू तिच्यानं थांबत नाही. त्यासाठी चांदीची म्हणून मिळणारी अँटी-टार्निश पट्टी लागते. ती वायू स्वतःकडे ओढून घेते.

प्रत्येक नगाला वेगळी पॉलिथिनची झिप पिशवी. आधी धुवून खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, पट्टीचा तुकडा पिशवीत टाका, हवा दाबून काढा. या सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सिलिका जेल डब्यात. दोन-तीन लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका लागते. बुटांच्या खोक्यातून आलेल्या एका पुडीनं भागत नाही, आणि ती आधीच ओल पिऊन बसलेली असते. रंग बदलणारी जेल घ्या. केशरी जेल हिरवी झाली की पुडीतून काढून स्टीलच्या ताटलीत पसरा आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा केशरी होते. पट्टी मात्र वाळवून परत वापरता येत नाही. खोक्यावर लिहिलेली मुदत संपली की टाकून द्या, साधारण सहा महिने ते वर्ष.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर दागिन्यांच्या डब्यात नको, त्यांची वाफ धातूवर आणि मोत्यांवर बसते. बँकेच्या लॉकरमध्येही हीच पॅकिंग. लॉकर चोरापासून राखतो, हवेपासून नाही.

एक ग्रॅमचे दागिने आणि गौरीचा डबा

इथे नियम पूर्ण उलटे होतात. एक ग्रॅमच्या दागिन्यावर सोन्याचा थर अतिशय पातळ, खाली पितळ किंवा तांबं. थरातल्या बारीक छिद्रांतून घाम खाली पोचतो, तांबं वर येतं आणि काळे डाग दिसतात. म्हणजे काळेपणा खालून आलेला असतो. वरून जे काही लावाल, ते उरलेलं सोनं काढण्याचं काम करेल. सोडा, फॉइल, रिठा, पितळेची पावडर, काहीही नको.

करण्यासारखं एवढंच: अत्तर आणि हेअर स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, मग दागिना घाला. ओला गजरा हाराला टेकू देऊ नका. उतरवल्यावर लगेच किंचित ओल्या सुती कापडानं, मग कोरड्यानं पुसा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. वर पारदर्शक नेलपॉलिश लावण्याची युक्ती आम्ही सुचवत नाही. ती पिवळी पडते, पापुद्र्यानं निघते आणि निघताना सोनं घेऊन जाते.

गौरीचे दागिने वर्षभर माळ्यावर असतात, स्लॅबखाली, जिथे गळतीची ओल सगळ्यात आधी येते. विसर्जनानंतर हळद-कुंकू आणि फुलांचा चिकटा न पुसता ते तसेच डब्यात जातात, आणि पुढच्या वर्षी ठुशी काळी निघते. डब्यातला स्पंज काढून टाका, तो ओल धरून ठेवतो. एकेक नग पुसून वेगळ्या पिशवीत घाला आणि डबा माळ्यावरून कपाटात आणा. काळा झालेला नग पुन्हा मुलामा देऊन नवा होतो, पण जुना थर उतरवून द्यायला सांगा. काळ्यावरच नवा थर चढवला तर तो टिकत नाही.

पाण्यात घालू नयेत असे

बोरमाळ, कोल्हापुरी साज, आणि मंगळसूत्राच्या बऱ्याच वाट्या: आत लाख असते, वर सोन्याचा पत्रा. गरम पाण्यानं लाख मऊ होते, मग वाटीला पोचा आला तर आतून आधार उरत नाही. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकण्याआधीही ‘आत लाख आहे’ हे सांगा. कुंदनाच्या खड्यामागे वर्ख असतो, पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. त्यावर घरात उपाय नाही.

नथ, तन्मणी, चिंचपेटी यांतला मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, घाम, तिन्ही त्याची चमक खातात. ओलसर मऊ कापडानं पुसायचं, एवढंच. मोत्यांना हवाबंद पिशवी फार काळ नको, सुती पुरचुंडीत ठेवा. म्हणजेच चांदीच्या तारेतल्या मोत्यांना चांदीचा नियम लावू नका, मोत्याचा लावा. रोज वापरातला सर दोन वर्षांनी गाठवून घ्या. मोत्यांच्या मधल्या रेशमाला काळपट रंग आला किंवा मोती सरकू लागले तर त्याआधीच.

सोनं काळं पडतंय?

२२ कॅरेट सोनं असं काळवंडत नाही. साखळी गळ्यावर काळा पट्टा ओढत असेल तर पावडर किंवा सनस्क्रीनमधले कडक कण सोन्याला घासताहेत. लावून पुसून घ्या, मग साखळी घाला. डाग फक्त जोडांवर असतील तर ते जोडाच्या धातूचे, कोमट पाणी आणि साबणाच्या दोन थेंबांत वीस मिनिटं ठेवून मऊ ब्रशनं निघतात. पत्रा आणि लाखेचे नग वगळूनच.

सोन्यावर अचानक चांदीसारखा पांढरा डाग आला तर तो पारा असू शकतो, फुटलेल्या थर्मामीटरचा किंवा भेसळीच्या शेंदराचा. तो नग गॅसवर तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. बाकीच्या सोन्यापासून वेगळा करून झिप पिशवीत बंद करा आणि पाऱ्याचा संशय आहे असं आधी सांगूनच सोनाराच्या हातात द्या, म्हणजे तोही तो उघड्यावर तापवणार नाही.